तळ्याच्या वाटेवर सगळ्यात मागं

माझा धंदा माणसांना हळू चालवण्याचा होता. ऐकायला सोपं वाटतं. पण रजा मंजूर करून घेतलेला, नवे बूट घातलेला आणि अख्ख्या कॉलनीला सांगून निघालेला माणूस हळू चालायला अजिबात तयार नसतो. त्याला तळं गाठायचं असतं, फोटो काढायचा असतो आणि जमलं तर बरोबरच्यांच्या आधी काढायचा असतो. अशा माणसाला धरून ठेवणं, पाणी पाजत राहणं आणि वेळ आलीच तर तळं समोर दिसत असताना मागं फिरवणं, हे मी वीसेक वर्षं केलं.

मूळची मी शाळेतली खेळाची बाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात जायला लागले, मग ओळखीच्यांना न्यायला लागले आणि एक दिवस शाळा सुटली, डोंगर तेवढा राहिला. पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दोऱ्या, तंबू आणि झोपायच्या पिशव्यांचा ढीग असायचा. ज्या गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथली माणसं इतक्या लांब पाणी बघायला जातात, याचं माझ्या यजमानांना शेवटपर्यंत हसू यायचं.

ते तळं हिमाचलात आहे, कुल्लूच्या वरच्या अंगाला. नाव मुद्दामच लिहीत नाही, आधीच तिथं गर्दी फार झालीय. शेवटच्या गावापासून देवदाराच्या जंगलातून चढत गेलं की एक मोठं कुरण लागतं. तिथं आमचे तंबू. कुरणाच्या डोक्यावरून डोंगराची एक धार निघते आणि सरळ वर जाते. धार म्हणजे डोंगराचा कणाच. वाट जेमतेम एका माणसाची, दोन्ही अंगांना उतार, खाली बघितलं तर झाडं गवतासारखी दिसतात. ती संपली की दगडांचा एक उंबरा चढायचा आणि पलीकडं एकदम ते तळं. फार मोठं नाही, आमच्या इथल्या दोन गल्ल्या बसतील एवढंच. जूनमध्ये सुद्धा एका कडेला बर्फ असतो आणि पाणी बघता बघता रंग बदलतं.

उंचावर हवा विरळ होते. शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो, आणि प्रत्येकाला वेगळा लागतो. सवय झाली नाही की डोकं दुखतं, जेवण जात नाही, उलट्या होतात. तरीही माणूस वर चढतच राहिला, तर मेंदूला सूज येते नाहीतर छातीत पाणी भरतं, आणि मग तो जिवानिशी जाऊ शकतो. औषधं असतात, ऑक्सिजन असतो, पण खरा उपाय एकच, खाली उतरणं. अंगातल्या ताकदीचा याच्याशी काही संबंध नाही. उलट ताकदवान माणसाचीच मला जास्त धास्ती वाटायची, कारण डोकं दुखतंय हे तो सांगत नाही.

म्हणून रोज सकाळी मी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायचे. डोकं कसं आहे, झोप लागली का आणि लघवीचा रंग काय. पहिल्या दिवशी लोक लाजायचे. तिसऱ्या दिवशी आपण होऊन सांगायला यायचे, तेही जेवणाच्या ताटावर.

रांगेत सगळ्यात पुढं तेजराम चालायचा. तो त्या शेवटच्या गावचाच. माझ्यासोबत इतकी वर्षं काम केलं, पण भरभर बोलताना मी त्याला एकदाही ऐकलं नाही. सगळ्यात मागं मी. लोकांना वाटायचं, बाई थकत असतील म्हणून मागं राहतात. मागची जागा खरं तर कामाची जागा. थकलेला माणूस तोंडावर हसू ठेवतो, पण त्याचे उतरलेले खांदे मागूनच दिसतात. मागच्यानं एकच गोष्ट पाळायची, काही झालं तरी आपल्या मागं कुणी राहता कामा नये.

दुसरा नियम वेळेचा. डोंगरात दुपारनंतर ढग येतात, म्हणून ठरलेल्या वेळेला जिथं असू तिथून परत फिरायचं. या नियमापायी एक माणूस मला कायमचा सलत राहिला. पैठणकडचे भुजंगराव, पन्नाशी ओलांडलेले, बागाईतदार, पागोटं काढून लोकरीची टोपी घातलेली आणि ती बिलकूल शोभत नव्हती. चालायला पक्के, पण त्या दिवशी पोट बिघडलं होतं. त्या दगडांच्या उंबऱ्याखाली आम्ही पोचलो तेव्हा वेळ संपली होती आणि ढग धारेला लागले होते. मी परत फिरायला सांगितलं. ते वर बघत उभे राहिले. म्हणाले, "लई जवळ आलो व्हतो, ताई." एवढंच. वाद नाही, काही नाही. पुढच्या वर्षी येतो म्हणाले, त्या वर्षी पोरीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी ते राहिलेच नाहीत. आजही तशी वेळ आली तर मी परतच फिरवीन. पण त्यांचं ते वर बघणं डोळ्यांसमोरून जात नाही.

आता जे सांगायचंय ते नसरीनबद्दल.

नसरीन आणि तिचा नवरा अश्फाकभाई मुकुंदवाडीला राहायचे. अश्फाकभाई वाळूजला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला, शिफ्ट ड्यूटी. नसरीन घरी ब्लाऊज शिवायची, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे तिच्याकडंच असायचे. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली, तेव्हापासून घर रिकामं. कारखान्यातला कुणीतरी माझ्यासोबत जाऊन आला होता, त्याचे फोटो बघून अश्फाकभाईंनी ठरवलं की जायचं. नसरीनला विचारलं नव्हतं. जायचंय, असं सांगितलं होतं.

निघायच्या आधी मी सगळ्यांना गोगाबाबाच्या टेकडीवर सरावाला बोलवायचे. अश्फाकभाई ती टेकडी पळत चढायचे. वर पोचून कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि खाली बघून म्हणायचे, "चलो बेगम, चलो." नसरीन ट्रॅकसूटवर ओढणी बांधून आपल्या चालीनं यायची. तिला धाप लागलेली मी कधी बघितली नाही. विचारलं तर म्हणाली, "आपा, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. टँकर आला की पाणी कोण चढवतं?"

त्याच गटात एक वकीलसाहेब होते. गोरेपान, जाडजूड, बोलण्यात हुशार. माझ्या माहितीपत्रकात चढाई 'मध्यम' लिहिली होती, त्यावर त्यांनी रेल्वेपासून कुरणापर्यंत उलटतपासणी घेतली. मध्यम कुणाच्या मानानं? याचा निकष काय? तेजरामला मराठी येत नव्हतं, तो सुटला. पण माणूस दिलदार. सोबत आणलेला चिवडा त्यांनी सगळ्यांना वाटला, अगदी हमालांनाही.

कुरणावर आम्ही एक दिवस नुसतं बसून काढला, हवेची सवय व्हावी म्हणून. अश्फाकभाईंना बसवेना. ते समोरच्या टेकाडावर दोनदा जाऊन आले. जेवताना मात्र त्यांनी ताटातला भात इकडून तिकडं केला. मी विचारलं, तर डोकं मस्त आहे म्हणाले. नसरीननं त्यांच्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धारेला लागलो. आकाश स्वच्छ, गवतावर दव. तेजराम पुढं, त्याच्यामागं अश्फाकभाई, मग बाकीचे, नसरीन माझ्या पुढं. निम्मी धार चढेपर्यंत अश्फाकभाई एकेका माणसाच्या मागं पडत आले. प्रत्येक वेळी बुटाची नाडी बांधायला थांबल्यासारखं करायचे. शेवटी ते माझ्या पुढं आले आणि मला त्यांची पावलं दिसली. प्यालेल्या माणसासारखी पडत होती. त्या वाटेवर तसं पाऊल पडून चालत नाही.

मी त्यांना बसवलं. ते दोन घोट पाणी प्याले आणि ओकले. थोड्या सपाट जागेवर सरळ रेषेत चालून दाखवा म्हटलं, तर जमेना. मग कळलं की डोकं आदल्या दिवसापासूनच फुटत होतं. नसरीनला रात्री त्यांनी सांगितलं होतं आणि शपथ घातली होती की बाईंना सांगायचं नाही.

मी त्यांना म्हटलं, "अश्फाकभाई, आपण दोघं खाली चाललोय. आत्ता."

रागावलेला माणूस मला चालतो, भांडून मोकळा होतो. पण ते नुसते हाताकडं बघत बसले. प्रेसवर पंचवीस वर्षं काम केलेले हात. मी औषध दिलं.

नसरीननं पाठपिशवी उचलली, नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी पण खाली येते."

हे मी कितीतरी वेळा बघितलंय. नवरा आजारी पडला की बायको उतरते. बायको आजारी पडली तर नवरा विचारतो, तुम्ही आहात ना सोबत? नसरीनची तब्येत त्या सकाळी गटात सगळ्यांत चांगली होती. चेहरा ताजा, श्वास संथ. पण तिला 'तू जा, तळं बघून ये' असं म्हटलं असतं तर ती गेली नसती. स्वतःसाठी असं काही करायची तिला सवयच नव्हती.

आणि माझीही अडचण खरीच होती. मी खाली गेले तर मागची जागा रिकामी. तेजराम पुढं एकटा, मधे पाच-सहा माणसं, त्यातले वकीलसाहेब आधीच दर दहा पावलांनी थांबत होते. नाहीतर मला सगळ्यांनाच फिरवावं लागलं असतं. मी तिला बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. म्हटलं, माझी जागा तू धर. तुझी चाल एकसारखी आहे. कुणालाही आपल्या मागं राहू देऊ नकोस आणि तेजराम परत फिर म्हणाला की फिर. तुझ्या भरवशावर मी यांना घेऊन उतरते.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुमकू ऐसा छोड़ के कैसा जाऊँ?"

अश्फाकभाईंनी मान वर केली. बोलायला त्यांना कष्ट पडत होते. "आपा हैं ना मेरे साथ," ते म्हणाले. "काम बोल रहे वो. जा तू."

ती गेली. ओढणी कमरेला घट्ट बांधली, वकीलसाहेबांच्या मागं जाऊन उभी राहिली आणि रांग हलली. आम्ही थोडा वेळ बसूनच होतो. ती वळणाआड जाईपर्यंत अश्फाकभाई बघत राहिले. मग म्हणाले, "आपा, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती पाठमोरी चालताना मी आज पहिल्यांदा बघतोय. नेहमी मीच पुढं."

उतरताना मी त्यांच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक माझ्या कमरेला लावलं होतं. शंभर पावलं चालायचं, बसायचं. खाली खाली येऊ लागलो तशी त्यांची चाल सुधारत गेली. हा चमत्कार मी अनेकदा पाहिलाय, तरी दर वेळी हायसं वाटतं. कुरणावर पोचल्यावर त्यांनी साखर घातलेला काळा चहा घेतला आणि तो पोटात राहिला. आणखी चार घटका बसून बघायचं आणि गरज पडली तर गावापर्यंत उतरायचं, असं मी ठरवलं. स्वयंपाक्याला मी तयारीत राहायला सांगितलं. पण ती वेळ आली नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. मोबाईलला रेंज नाही, आणि धारेवरून हाक खाली पोचत नाही. दुपार झाली तसे ढग आले, नेहमीसारखे, पण त्या दिवशी जरा लवकर. आधी उंबरा दिसेनासा झाला, मग धारेचा वरचा भाग, मग सगळीच धार. मग गारा पडल्या. बोराएवढ्या गारा तंबूवर ताडताड वाजायला लागल्या. पाचच मिनिटांत कुरण पांढरं झालं आणि माझ्या डोळ्यांपुढं धारेवरचे ओले दगड आले.

अश्फाकभाई तंबूच्या तोंडाशी ब्लँकेट पांघरून बसले होते. आत झोपा म्हटलं तर ऐकेनात. मधेच ते सांगायला लागले. म्हणाले, मुलगी गेल्यापासून घरात दोघांना बोलायला विषय नाही. मी शिफ्टवरून येतो, ती मशिनवर असते. वाटलं, कुठंतरी लांब नेऊ, काहीतरी मोठं दाखवू, मग आपोआप बोलणं निघेल. मी दाखवणार होतो, आपा. मग धार होती तिकडं बघत म्हणाले, तिला काही झालं तर पोरीला मी काय सांगू?

मी त्यांना तेजरामबद्दल सांगत राहिले. तो किती सावध आहे, त्यानं किती गारपिटी बघितल्यात. सगळं खरं होतं. पण माझं मन मागच्या जागेवर होतं, जिथं मी ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला उभं केलं होतं.

गारा थांबल्या. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग ढगातून आधी तेजरामची लाल टोपी निघाली, तिच्यामागं एकेक माणूस. मी मोजत होते. दोन कमी होते, वकीलसाहेब आणि नसरीन.

तेजराम माझ्यापर्यंत आला आणि त्याच्या संथ चालीनंच बोलला. वकीलसाहेब उतरताना गारांत घाबरून एका जागी थांबले होते, नसरीन त्यांच्याजवळ आहे, बाकीच्यांना धारेवरून खाली काढून आपण लगेच परत जातोय. पाणीसुद्धा न पिता तो वळला. मीही निघाले. अश्फाकभाई उठायला लागले, त्यांना स्वयंपाक्यानं धरून बसवलं.

धारेच्या पायथ्याशी पोचतो तोच ते दोघं दिसले. नसरीन पुढं होती, पण उलटी चालत होती. तोंड वकीलसाहेबांकडं, पाठ उताराकडं. एक पाऊल मागं टाकायची, पायानं दगड हलतो का बघायची, मग त्यांच्या बुटाला हात लावून तो त्या दगडावर ठेवायला लावायची. तोंडानं बोलणं चालूच. जवळ गेल्यावर ऐकू आलं. ती त्यांना कोर्टातल्या केसबद्दल विचारत होती आणि ते डोळे तिच्या हातावर ठेवून कुठल्यातरी सामाईक भिंतीचा खटला सांगत होते.

"मग त्या भिंतीचं काय झालं, साहेब?" ती विचारत होती. "हां, पाऊल इथं. मग?"

सपाटीवर आल्यावर वकीलसाहेब गवतात बसले आणि रडले. मोठा माणूस, पण मोकळेपणानं रडला. नंतर मला म्हणाले की तिथं वर त्यांनी नसरीनला पुढं निघून जायला सांगितलं होतं, कुणाला तरी घेऊन या म्हणून. ती म्हणाली, माझ्या मागं कुणी राहायचं नाही असं आपानं सांगितलंय, म्हणून तुम्ही पुढं चला किंवा मी इथंच बसते. आणि खरंच त्यांच्याशेजारी गारांत बसली. गारा थांबल्यावर ते उठले, तेव्हा त्यांची पावलं धरता यावीत म्हणून तेवढी ती पुढं झाली.

नसरीननं मला बघून पहिला प्रश्न नवऱ्याचा विचारला. ठीक आहेत म्हटल्यावर तीही गवतात बसली. हात गार पडले होते, नखं निळसर. तेजरामनं स्वतःचे हातमोजे तिला घातले.

संध्याकाळी तंबूत अश्फाकभाईंनी तिच्यासाठी चहा आणला. तळं कसं होतं, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी बाहेर आले. पण कापडी भिंतीतून आवाज येतोच. वर पोचल्यावर बाकीचे फोटो काढत होते, तेव्हा तिनं नमाजाआधी हातपाय धुऊन वुजू केला, पाणी इतकं थंड की बोटं आपली वाटेनात. किबला, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा, कुठं ते कळेना, तेजरामनं सूर्य बघून पश्चिम दाखवली. नमाज झाल्यावर ती नुसती बसली. मग बर्फाचा तुकडा पाण्यात सुटून कसा फिरत होता ते सांगितलं, धारेवरच्या निळ्या फुलांचं सांगितलं, वकीलसाहेबांच्या भिंतीचं सांगितलं. अश्फाकभाई मधेमधे विचारत होते, "फिर?" जेवायची हाक दिली तरी ते दोघं बाहेर आले नाहीत.

पुढच्या वर्षी ते परत आले. अश्फाकभाई सगळे नियम पाळून, हळूहळू चालत तळ्यापर्यंत गेले आणि काठावर बसून राहिले. नसरीन मात्र तेजरामला विचारत होती, त्या समोरच्या खिंडीपलीकडं काय आहे. मी त्या दिवशीच तिला कामाला घ्यायचं ठरवलं. आधी दोन मोसम ती माझ्यासोबत मागं चालली, मग बायकांचे गट स्वतः न्यायला लागली. शिवणाचं काम अजून आहे. आमच्या गल्लीतल्या बायका तक्रार करतात की जूनमध्ये ब्लाऊज मिळत नाही.

मी आता जात नाही. तंबू आणि दोऱ्या तिच्या घरी गेल्या, तिसऱ्या मजल्यावर, आणि आमची पुढची खोली मोकळी झाली. तिथं मला अजून करमत नाही. ती वरून उतरून शेवटच्या गावात पोचली की तिचा फोन येतो. या मोसमातही आला. कोण कसं चाललं, कुणाचं डोकं दुखलं, कुणाला परत पाठवलं, सगळं तिनं सविस्तर सांगितलं. मी विचारलं, तळ्यावर बर्फ किती होता यंदा?

ती म्हणाली, "आपा, खरं सांगू का? तळ्याकडं बघायचं राहूनच गेलं. सगळा वेळ माणसंच बघत होते."

मी म्हटलं, "बरोबर आहे. जा, आता गरम काहीतरी खाऊन घे."